साकू म्हणजे मासा

काल शेजारची चिमुरडी आमच्याकडे जेवायला होती. मी भात वाढायला गेलो तर ताटावर हात आडवा धरून म्हणाली, “साकू, अंकल!” कन्नडमध्ये साकू म्हणजे पुरे. बेंगळुरूला आलो त्याच वर्षी आम्ही कारवारजवळच्या खाडीत शिडाच्या होडीत बसलो होतो. लेक तीन वर्षांची. शिडात वारा भरला, होडी एका अंगाला कलली, खारं पाणी तोंडावर उडालं, तशी ती आईला बिलगून “साकू, साकू” म्हणत रडायला लागली. तिला सांभाळणाऱ्या अक्कांचा हा शब्द. “काय म्हणतेय रे ही?” बायकोने विचारलं. तिला कन्नड येत नव्हतं. मला ऑफिसच्या कॅन्टीनमुळे तेवढं कळत होतं. पण मला खाडीच्या तोंडापर्यंत जायचंच होतं. “मासे दिसले असतील, त्यांना म्हणतेय,” मी म्हणालो. लेक रडून रडून गप्प झाली. पुढे आमच्या घरात माशांना साकूच म्हणायचे. मग बायको कन्नड शिकली आणि एक दिवस ते बंद झालं. तिने विचारलं नाही, मीही बोललो नाही. लेक कॉलेजात गेली, तरी पाण्यात पाय घालत नाही. काल ताटं उचलताना मी म्हणालो, “तेव्हा मला कळलं होतं.” बायको म्हणाली, “माहितेय मला. तिला सांग.”