पाण्याची पाळी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले; पण इतक्या वर्षांनंतरही मनात ताजं आहे ते गिरीज गावच्या एका वाडीतून नाहीसं झालेल्या ऑइल इंजिनाचं प्रकरण.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी शिपाई म्हणून भरती होऊन स्वतःच्या हिमतीवर फौजदार झालेला. साहेबांच्या मागे-पुढे करणारे माझ्यामागून येऊन माझ्या आधी वर चढले होते, त्यामुळे डोकं कायम तापलेलं असायचं.

ऐन उन्हाळ्यात एका सकाळी ठाण्यावर दोन भाऊ आले. दोघांच्या केळीच्या वाड्या शेजारी-शेजारी. मधे वडिलांनी राखलेलं सामाईक बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं तळं. त्याच्या काठावर थोरल्याने स्वतःच्या कमाईतून इंजिन बसवलं होतं. दोन्ही वाड्या त्यावरच भिजत. तेच रात्रीत गेलं होतं.

"साहेब, केळी निसवल्यात," थोरला म्हणाला. "आता पाणी तुटलं तर घड उभ्या उभ्या वाळतील. दोघांचेही." धाकटा खाली बघत उभा होता.

स्टेशन डायरीत नोंद केली. वरिष्ठांचा हुकूम सुटला, "भंगारवाले उचला." तेवढ्यात खबऱ्याने बातमी आणली की विरारच्या एका भंगारवाल्याकडे इंजिन आलंय. धावत गेलो, तर ते निघालं होडीचं, गंजून लाल झालेलं. मी खबऱ्याला काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

परत वाडीत गेलो. शेजारच्या म्हातारीने मला अंगणातच अडवलं. "साहेब, आमच्या आळीतून बैलगाडी गेली तर माझं तुळशीवृंदावन हलते. त्या रात्री काय पण नाय गेलं. कुत्रं पण नाय भुंकलं. तुम्ही विरारला काय शोधता?"

मग इंजिनाची जागा नीट पाहिली. बोल्टवरचे नट पान्याने शिस्तीत सोडवून एका करवंटीत ठेवलेले होते. चोराला नट जपायची काय गरज? शिवाय ते धूड उचलायला चार माणसं लागली असती. पण बुडाला पहार घालून उतारावरून ढकलायला एक पुरे. आणि उतार होता बावखलाकडे.

मी धाकट्याचं नाव घेतलं तेव्हा वरिष्ठ हसले. "अहो, त्याची स्वतःची वाडी वाळतेय. भाऊ त्याला फुकट पाणी देतो, तेही आधी त्याला, मग स्वतःला. तो कशाला इंजिन घालवील?"

हिशेबाने ते बरोबर होतं. पण मी भाव करणारा माणूस. अर्नाळ्याच्या बाजारात एकदा एका कोळणीशी घासाघीस करताना माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझी दया येते म्हणून घेतो." तिने ठरलेला सौदा मोडून पापलेटं पाटीत परत टाकली. "दया तुझ्या बायकोला दाखव. सुकवून खाईन, पन तुला देनार नाय!" तिचं नुकसान झालं, पण मान ताठ राहिली. त्या दिवशी मला कळलं की माणूस तोटा सोसतो, उपकार सोसत नाही.

धाकट्याला ठाण्यावर बसवलं. टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. त्याचं एकच पालुपद, "मी का करू साहेब? माझीच केळी मरतायत."

मग मी आवाज उतरवला. थोरला बाहेर जे म्हणाला होता तेच त्याला सांगितलं. "जा घरी. तुझा दादा मोठ्या मनाचा आहे. म्हणतो, याने केलं असेल तरी मी माफ केलं. नवं इंजिन आणीन आणि यालाही पाणी देईन."

तो ताडकन उठला. "माफ? तो कोण मला माफ करणार? बावखल आमच्या बापाचं! रहाट होता तेव्हा एक दिवस दादाची पाळी, एक दिवस माझी. आता दादाला वाटेल तेव्हा पाणी. इंजिन फिरवायचं हँडल त्याच्या घरात. परवा पंगतीत सगळ्या भावकीसमोर म्हणाला, याची वाडी माझ्या पाण्यावर हिरवी आहे. त्याच्या पाण्यावर!"

"मग इंजिन कुठाय?"

"पाण्यातच आहे. त्याचंच पाणी ना? काढ म्हणावं."

दोर, बांबू आणि अर्धी आळी लावून आम्ही ते चिखलातून वर ओढलं. माझी छाती त्या दिवशी दोन बोटं रुंद झाली असेल. थोरला मात्र भडकला. "साहेब, मी याला हक्कापेक्षा जास्त पाणी देत होतो!"

"तेच चुकलं," मी म्हणालो. "पाणी दोघांचं. तुम्ही देणारे कधीपासून झालात?"

माडाच्या सावलीत माझ्या आयुष्यातला सर्वांत चिवट सौदा झाला. एक दिवस थोरल्याची पाळी, एक दिवस धाकट्याची. आपल्या पाळीचं डिझेल ज्याचं त्याने आणायचं. हँडल कुणाच्या घरात नाही, बावखलाच्या काठावर टांगायचं. पूर्वी फुकट आणि भरपूर मिळणारं पाणी धाकट्याला आता मोजकं आणि स्वखर्चाने मिळणार होतं. तो लगेच "कबूल" म्हणाला. थोरल्याने तक्रार मागे घेतली.

मेकॅनिकने इंजिन खोलून, धुऊन बसवलं. धाकट्याने हँडल मारलं आणि ते धडधडलं. थोरल्याने तोंड फिरवूनच विचारलं, "आज पाळी कुणाची?"

"तुझी धर, दादा," धाकटा म्हणाला. "तुझ्या केळी जास्त सुकल्यात."

त्यानंतर कुठलंही भांडण ठाण्यावर आलं की कुणाला किती मिळालं हे मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, वाटणी केली कुणी, आणि करताना दुसऱ्याला विचारलं होतं का? निम्मी भांडणं त्या एका प्रश्नावर मिटायची. माणसाला त्याचा हक्क भीक म्हणून वाढलात तर तो ताट लाथाडतो. हक्क म्हणून हातात दिलात, तर त्यातलाच घास काढून तो समोरच्याला भरवतो.