दफेदारअप्पांच्या सात गोळ्या

दर सोमवारी सकाळी दफेदारअप्पा माझ्या दुकानात शिरत आणि शिलाई मशीनच्या तेलाची कुपी उचलून चालू लागत. विचारणं नाही, पुसणं नाही. एकदा मी वैतागून म्हणालो, "अप्पा, घरात करडईचं तेल न्हाई व्हय?" तर डोळे वटारून म्हणाले, "करडईचं तेल भज्याला, नारबा. पिस्तुलाला घातलास तर चिकटून बसंल. शिंपी असून एवढं कळंना?"

मंठाळच्या अलीकडचं आमचं गाव, निजामाच्या राज्यातलं. अप्पांचे वडील मेंढरं राखायचे. अप्पा मात्र घोडदळात भरती होऊन दफेदार झाले आणि पहिल्या महायुद्धात थेट अरबस्तानची वाळू तुडवून आले. नोकरी सुटताना एका गोऱ्या साहेबानं खूश होऊन स्वतःचं लष्करी पिस्तूल त्यांना दिलं. पुढं रीतसर परवानाही झाला. साफसफाईला ते माझ्या दुकानासमोरच्या आपल्या ओट्यावर बसत. पाना नाही, पेचकस नाही. नुसत्या बोटांनी नळी, स्प्रिंग, चाप सुटं करून फडक्यावर मांडत आणि बोलता बोलता परत जोडत. मी टीप मारायचा थांबून बघत राही. एकही भाग फालतू नव्हता हो त्यात! ज्यानं ते घडवलं त्याचे पाय धरावेत असं मला वाटे.

"वाळूत पडलं, चिखलात पडलं, एकदा उंटाच्या पायाखाली आलं," अप्पा सांगत. "चाप वढला की आवाज. वखताला हजर. माणसानं असं ऱ्हावं."

गोळ्या सातच उरल्या होत्या. पण त्या सातांवर आमचं अख्खं गाव निर्धास्त होतं.

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात मात्र दिवस फिरले. हत्यारबंद टोळ्या गावं लुटायला, जाळायला लागल्या. शेजारचं गाव जळालं तेव्हा धूर आमच्या खळ्यावरून दिसत होता. अप्पा घरोघर फिरून सांगत होते, "निघा. सरहद्दीपल्याड, सोलापूरकडं." पण मूग काढणीला आलेला. कोण उठतंय? पाटील तर हसले. म्हणाले, "कामून भ्यायलाव, अप्पा? तुमचं पिस्तूल हाय की!" ज्याला त्याला हेच उत्तर. तीन दिवस अप्पा घसा कोरडा करत होते आणि लोक त्यांच्याच पिस्तुलाकडं बोट दाखवत होते.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना चावडीपुढं बोलावलं. वीस पावलांवर एक मडकं ठेवायला लावलं. म्हणाले, "माज्यावर भरवसा हाय ना? मग बघा."

सात आवाज झाले. पिस्तूल सातही वेळा खणखणीत वाजलं, एकदाही अडकलं नाही. आणि मडक्यावर चरासुद्धा उमटला नाही.

मग कुणीतरी फिदीफिदी हसलं, एका बाईनं रडायला सुरुवात केली. पाटील थुंकले. "इतकी वर्सं ह्याच्या जिवावर झोपलो व्हय आपण?" दुपारपर्यंत गावातल्या सगळ्या गाड्या जुंपल्या गेल्या.

गाडीत मी अप्पांशेजारी होतो. मागच्या गाड्यांतून टिंगल चालली होती. मला अप्पांची कीव आली. म्हटलं, "अप्पा, डोळे गेले म्हणायचे तुमचे."

"डोळे कुठं गेले? परवा तुज्या सुईत दोरा कुणी घातला?" ते हळूच म्हणाले. "येणारे दोनशे, गोळ्या सात. मडकं फुटलं असतं तर तुमी उठला असताव का?"

मी मागच्या गाड्यांकडं वळलो. "मग सांगा की समद्यांना!"

"सांगितलास तर गाड्या माघारी फिरतील. मूग ऱ्हायलाय म्हणतील. गप बस."

तिसऱ्या दिवशी सरहद्दीपलीकडं पोचलो आणि त्यानंतर दोनच दिवसांनी आमचं गाव जळाल्याची खबर आली.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, तसे परत आलो. जळक्या भिंती लिंपता लिंपता लोक अप्पांची नक्कल करत, हात लांब करून नेम धरत आणि पोट धरून हसत. मला राहवेना. "आता तरी सांगू का?"

"नको रं. सांगितलास तर समदे पाया पडायला येतील," अप्पा म्हणाले. "हसू दे. लई दिसांनी हसायलेत."

त्याच हिवाळ्यात अप्पा तापानं गेले. शेवटपर्यंत गाव त्यांना हसत राहिलं. आणि त्या हसणाऱ्यांत कुठल्याच घरचं एकही माणूस कमी नव्हतं.