रिकामे गळ

माझ्या आईच्या माशांच्या पाटीला डोंबिवलीच्या बाजारात मान होता. लेक म्हणून मी हे बोलत नाही, गिऱ्हाइकंच बोलायची. ऑफिसातून घरी निघालेल्या बाया वाटेतल्या दोन-तीन कोळणी ओलांडून तिच्यापाशी यायच्या आणि मासा हातात न घेताच म्हणायच्या, "मावशी, तुम्ही द्याल ते." त्या एका वाक्यावर आमचं घर चालायचं. माझं कॉलेज, बाबांच्या होडीचं डांबर, पावसाआधी शाकारायचं छप्पर, सगळं त्यातूनच निघायचं. हा विश्वास आम्ही कसा राखला होता ते मात्र बाजारात कोणालाच माहीत नव्हतं.

आमचं गाव पश्चिमेला, खाडीच्या काठावर. पूर्वेच्या कारखान्यांचा नाला गावाच्या जरा वरच्या अंगाला खाडीत उतरायचा. घाण त्यातून रोजचीच होती, पण अधूनमधून, बहुतेक शनिवारी, एखादा कारखाना आपली टाकी मोकळी करायचा. मग पाण्यावर तांबूस फेस चढायचा आणि पुढचे दोन-तीन दिवस मासा वास मारायचा. रॉकेलचा वास. तो धुतल्याने जात नाही, चिंचेने जात नाही आणि तव्यावर टाकला की आणखीच उठतो.

असा मासा गावात कोणी विकायचा नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. फेस दिसला की होड्या वर ओढायच्या. जाळ्यात चुकून आलेला मासा पाटीत जायचा नाही, तो माडाच्या मुळाशी पुरायचा. आणि गावाबाहेर याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. कारण खाडीचा मासा वास मारतो अशी एकदा आवई उठली की चांगल्या दिवसाच्या माशालाही कुत्रं विचारणार नाही.

मला या गप्प बसण्याची चीड यायची. मी कॉलेजात जाणारी, तोंडाने फाटकी. घरात बसून भाषणं करायचे, की मोर्चा काढा, अर्ज द्या, पेपरात छापून आणा. आई विळीवरून मान वर न करता म्हणायची, "आनि पेपरात आला का पयला कोनाचा धंदा बंद व्हईल? कारखान्याचा का आपला?" त्यावर मी जास्तच आदळआपट करायचे.

नव्वदीची सुरुवात असेल. गावाच्या अंगावर तोवर सोसायट्या येऊन टेकल्या होत्या. त्यांच्यातल्या हौशी मंडळींनी एक मित्रमंडळ काढलं होतं आणि मंडळाच्या डोक्यात खाडी स्वच्छ करायचं आलं. अध्यक्ष होते एक इंजिनिअर. पूर्वेच्याच एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि कंपनीने त्यांना काही महिने परदेशी पाठवलं होतं. तिकडे नदीवर मासे धरायला शिकून आले होते. येताना रीळ लावलेली, वेतासारखी वाकणारी काठी आणली होती, आणि एक चपटी डबी. डबीत पिसं आणि रंगीत दोरा बांधून केलेल्या खोट्या माश्या होत्या. हे सगळं घेऊन ते आमच्या ओटीवर आले, कारण गावात मासेमारीतलं कोणी विचारायचं तर बाबांना, असं त्यांना कळलं होतं.

"नाखवा, ही माशी पाण्यावर टाकायची. माशाला वाटतं खरीच आहे. झडप घालतो."

बाबांनी एक माशी बोटांत धरून उजेडात फिरवली. "आमच्या खाडीचा मासा येवडा येडा नाय हो सायेब," ते म्हणाले आणि दोघेही खळखळून हसले.

बेत असा होता. रविवारी सकाळी सोसायट्यांनी आणि गावाने मिळून काठ साफ करायचा. मग मैत्रीची स्पर्धा, एका बाजूला सोसायट्या, दुसऱ्या बाजूला गाव. जाळं नाही, फक्त गळ. आणि दुपारी जो काही मासा मिळेल तो तिथेच रांधून सगळ्यांनी एका पंगतीला बसून खायचा. रांधायचं काम आईकडे. मला त्या माणसाचा तिरस्कार करायचा होता, पण तो जमेना. आमच्या घरातलं पाणी तो मागून प्यायला होता.

शनिवारी तिन्हीसांजेला खाडीवर फेस आला. चांगला जाड आला.

बाबा मला घेऊन साहेबांच्या फ्लॅटवर गेले. चप्पल दाराबाहेर काढून उभे राहिले आणि म्हणाले, "सायेब, साफसफाई करू, गल पन टाकू. जेवनाचा तेवडा राहू द्या."

"का हो? जेवणासाठी तर सगळे येतायत!"

"भांगाचा पानी हाय, भरतीला जोर नाय. मासा मिलनार नाय."

"मिळेल तेवढा. नाहीतर पिठलं-भात आहेच की. नाखवा, एवढं काय टेन्शन घेता?"

मी बोलायला तोंड उघडलं तसं बाबांनी माझं मनगट दाबलं. खरं सांगावं तर आईची पाटी बसली, न सांगावं तर उद्याची पंगत.

मग देवळासमोर गावचे पुरुष जमले. कोणी म्हणालं, जाऊच नका. पण गाव गेलं नाही तर का नाही गेलं असं विचारतील. शेवटी तोड बाबांनीच काढली. जायचं, रांगेत बसायचं, पण गळाला काही लावायचं नाही. ना कोळंबी, ना गांडूळ. नुसता उघडा गळ पाण्यात सोडायचा. सोसायटीवाल्यांना गळाचं काही कळत नाही, त्यांना मिळायचं नाही. आपल्याला मिळणार नाही. मग पिठलं-भात खाऊन सगळे आपापल्या घरी.

"लोक हसतील," कोणीतरी म्हणालं.

"हसू दे. हसून पाटी बंद व्हत नाय," बाबा म्हणाले.

रविवारी लोक खरंच उत्साहाने आले. बुटांवर पिशव्या बांधलेले काका, ओढणी नाकाला गुंडाळलेल्या मुली, रबरी हातमोजे घातलेल्या बाया. चिखलातून थर्माकोलची मखरं निघाली, देवांचे फुटलेले फोटो निघाले, सलाइनच्या बाटल्या, एक अख्खी गादी निघाली. दिसत होती ती घाण ते मनापासून उचलत होते. मला त्यांची दया येत होती आणि रागही येत होता. फेसाकडे बघून एक काकू म्हणाल्या, "वरती कुठेतरी कपडे धुतायत वाटतं." मी दात आवळून गादी ओढत राहिले.

मग गळ पडले. आमचे लोक काठावर ओळीने बसले आणि त्यांनी काय झकास नाटक केलं! मधूनच गळ वर काढायचे, त्याच्याकडे वैतागून बघायचे, मूठ मिटून काहीतरी लावल्यासारखं करायचे आणि पुन्हा टाकायचे. तासभर गेला तशी सोसायटीची पोरं चेकाळली. "काय काका, कोळी ना तुम्ही? एक साधी बोय नाही?" बाबा हसत होते. जन्मभर ज्या माणसाचा हात पाण्यातून रिकामा आला नाही तो लोकांना हसायला कारण देत बसला होता. मला ते बघवेना. मी आईकडे गेले. ती तीन दगडांची चूल मांडून, मसाला वाटून बसली होती आणि एकसारखी पाण्याकडे बघत होती.

तेवढ्यात ओरडा झाला. साहेबांची काठी कमानीसारखी वाकली होती.

मासा एकदा पाण्याबाहेर उसळला आणि काठावरचा सगळा गाव उभा राहिला. जिताडा होता. मोठा, रुपेरी, चांगला मांडीएवढा. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, आमच्याकडे जिताडा विकायला नंतर जातो. तो आधी लेकीच्या सासरी जातो, व्याह्याला जातो, ज्याचा मान करायचा त्याच्या दारात जातो. आमच्या पट्ट्यात कित्येक वर्षांत कोणी तो धरला नव्हता. खाडीतून तो गेलाच असं बाबा धरून चालले होते.

जिताडा तिवरांकडे पळाला. दोरी मुळांत अडकली. साहेब काठी धरून नुसते "अरे, अरे" करत होते, दोरी तुटायला आली होती. अजून दोन हिसके बसते तर मासा सुटला असता आणि सगळंच निभावलं असतं.

बाबांनी उडी मारली.

धुतलेल्या शर्टानिशी, छातीएवढ्या चिखलपाण्यात. मुळांखाली हात घालून त्यांनी त्या माशाच्या कल्ल्यात बोटं रुतवली आणि त्याला छातीशी कवटाळून ते वर आले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. इतक्या आनंदात मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. लोक टाळ्या वाजवत होते. मग त्यांची नजर आमच्या माणसांच्या रांगेवर गेली. एकेकाने मान खाली घातली. तेव्हा कुठे त्यांना कळलं आपण काय केलं ते. पण साहेबांनी तोवर चिखलासकट त्यांना मिठी मारली होती.

घरी भांडताना आई त्यांना पुढे कधीच त्या उडीवरून बोलली नाही. मी बोलले, एकदा. ते एवढंच म्हणाले, "जिताडा सुटत व्हता, बाय."

आईने मासा कापला आणि विळीवरच थांबली. वास माझ्यापर्यंत आला. तिने साहेबांना हाक मारून सांगून पाहिलं, "सायेब, येवडा मोठा मासा पंगतीत नका घालू. घरी न्या, मान तुमचा हाय." साहेब म्हणाले, "छे हो मावशी, सगळ्यांना एकेक तुकडी." मग तिने चिंचेचा कोळ चोळला, दुप्पट मसाला लावला, लसूण ठेचून घातला. तेल तापलं, तुकड्या पडल्या, आणि धुराबरोबर तो वास उठला. चुलीचं रॉकेल असेल असं एक-दोघांना वाटलं. चूल लाकडाची होती.

पहिली तुकडी साहेबांच्या बायकोच्या पानात पडली. त्या आईचं जुनं गिऱ्हाईक. पंगतीत बसताना कौतुकाने बोललेल्या, "आज मावशींच्या हातचं!" त्यांनी घास घेतला. चावला. थांबल्या. भली बाई, थुंकल्या नाहीत, पाण्याबरोबर गिळला. तोवर पलीकडे कोणीतरी पानावरच थुंकलं आणि "रॉकेल! रॉकेल!" असा गलका झाला. लोक उठायला लागले. त्या गलक्यात त्या बाईंनी आईकडे बघून अगदी हळू विचारलं, "मावशी, आजवर मला हेच दिलंत का?"

आई झारा हातात धरून उभी राहिली. "नाय बाय. देवाशप्पथ नाय," ती म्हणाली. माडाच्या मुळाशी काय काय पुरलंय ते ती तिथे कशी दाखवणार होती?

फेस ओसरल्यावर तिची पाटी भरलेली गेली आणि भरलेली परत आली. तिने ठाण्याहून मासा आणला, तरीही तेच. बाया समोरून जायच्या, काहीजणी ओशाळं हसायच्या, आणि पुढच्या कोळणीकडे वळायच्या. मग पुढच्या कोळणीकडेही वळेनात. गावातल्या बायांनी आम्हाला शब्दाने दुखवलं नाही, पण आई पाणी भरायला गेली की नळावर शांतता व्हायची. पावसाळ्याआधी तिने बाजारातली आपली जागा सोडली. बसायचा पाट घरी आणला तेव्हा ती रडली. माझ्या देखत ती रडली अशी ती एकच वेळ.

साहेब घरी आले. खाली मान घालून बसले. त्या दिवसाचं त्यांच्या मनाला लागलं होतं, यात मला शंका नाही. ते म्हणाले, "नाखवा, आमच्या कंपनीत हेल्परची जागा आहे. मी शब्द टाकतो." मी ताडकन बोलणार होते, पण आई माझ्याआधी बोलली. "घ्या," ती बाबांना म्हणाली. "पोरीचा कॉलेज हाय."

बाबांनी खाकी कपडे घातले. होडी उलटी करून ठेवली आणि कडक उन्हात तिच्या फळ्या फाटत गेल्या. कामाबद्दल ते घरी काही सांगायचे नाहीत. कुठल्या खात्यात आहात असं मी विचारलं तर "टाकीवर" एवढंच म्हणायचे. ती टाकी कसली, हे साहेबांना माहीत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. माहीत नसेल असं मानायचा मी प्रयत्न करते. बहुतेक वेळा जमत नाही.

गावात अजून दोन-चार होड्या पाण्यात होत्या. कमी भावाने का होईना, विठ्ठलवाडीकडे, शीळफाट्याकडे मासा खपायचा. एका शनिवारी संध्याकाळी मी बाबांचा डबा घ्यायला वाटेवर उभी होते. ते कामावरून आले, पण घराकडे वळले नाहीत, सरळ काठावर गेले. मी मागे गेले. होडीवाले जाळी भरत होते.

"आज जाली टाकू नका," बाबा म्हणाले. "उद्यापन नको."

त्यांच्यातल्या एकाने पाण्याकडे पाहिलं. खाडी स्वच्छ दिसत होती. "काका, अजून फेस कुठं आलाय? तुमाला कसा ठाव?"

बाबांनी खिशातून हात काढले. तळव्यांवर लोखंडाचा गंज लागला होता.

"टाकीचा चाक मीच फिरवून आलो ना," ते म्हणाले.