टिंबाने सुरू झालेली ओळ

ऑफिसात तिला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी राहते आहे का, हे पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर. पुढे कुणीतरी तिच्या चहाच्या कपावरही त्या नावाची चिठ्ठी चिकटवली. ती रागावली नाही. चिठ्ठी वाकडी लागली होती, तेवढी काढून तिने सरळ लावली.

तिचं काम सांगायला सोपं होतं, पटवून द्यायला अवघड. संगणकाच्या मूळ प्रणालीत शेकडो आज्ञा असतात आणि प्रत्येक आज्ञेचं एक माहितीपान असतं: ही आज्ञा काय करते, कशी लिहायची, कुठे जपायचं. अशी तेराशे पानं. लिहिणारे दोनशे, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. ती सगळी एका हाताने लिहिल्यासारखी दिसावीत, हे तिचं काम. आज्ञेचं नाव ठळक. वापरणाऱ्याने भरायचा शब्द अधोरेखित. शीर्षकांचा क्रम सगळीकडे तोच. आणि पानाच्या मूळ फाइलीत प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर, म्हणजे उद्या कुणी काही बदललं तर नेमकं काय बदललं ते लगेच दिसतं. हा शेवटचा नियम तिचा स्वतःचा. तो गळी उतरवायला ती दोन वर्षं भांडली होती.

"अगं, पण ती पानं कोणी वाचतं तरी का?" ताई विचारायची. ताई तिची थोरली बहीण, निवृत्त नर्स. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघीच राहत.

"अडला की वाचतो."

"आणि वाचून कोणी कधी दोन ओळी लिहिल्या तुला?"

एकोणीस वर्षांत कोणीच लिहिल्या नव्हत्या. लिहिल्या त्या एका मंगळवारी, एका ग्रंथपालाने.

त्याने आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज टिपून ठेवले होते. एकाहत्तर जण, दोन वर्षांचं काम. त्यांतले बरेचसे आता हयात नव्हते. संगणकातली जागा मोकळी करायला त्याने एक आज्ञा वापरली आणि एका लपलेल्या फोल्डरात ठेवलेले ते आवाज पुसले गेले. 'आज्ञा देण्यापूर्वी मी माहितीपान दोनदा वाचलं,' त्याने लिहिलं होतं. 'त्यात असा इशारा मला दिसला नाही. कदाचित माझंच लक्ष नसेल. तसं असेल तर तेवढं कळवावं.'

तिने मूळ फाइल उघडली. इशारा होता. अमुक नावाचा लपलेला फोल्डरही पुसला जाईल, आधी त्याची प्रत काढून ठेवा, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. तिच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या प्रमुखाने सुस्कारा सोडला. तो तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण ऑफिसच्या काळजीने केस आधीच पिकलेला.

"आहे ना? सुटलो. कळवून टाका, इशारा पानात आहे म्हणून."

ती उत्तर लिहायला बसली. 'आपण म्हणता तो इशारा' इथपर्यंत लिहिलं आणि तिचा हात थांबला. दोनदा वाचलं म्हणणारा माणूस. तिने मूळ फाइल बाजूला सारली आणि त्याच्यासारखं, नुसतं वाचायला म्हणून ते पान पडद्यावर मागवलं.

पडद्यावर ती ओळ नव्हती. वरचं वाक्य होतं, खालचं होतं, आणि दोन्ही इतकी नीट जुळली होती की मधून काही गेलंय अशी शंकाही येऊ नये.

तिच्या लगेच लक्षात आलं. ही पानं ज्या पद्धतीने लिहितात तिच्यात ओळीच्या सुरुवातीला टिंब आलं, की ती ओळ मजकूर राहत नाही. ती मांडणीची सूचना ठरते: इथे शीर्षक, इथे ठळक. आणि सूचना ओळखीची नसेल, तर यंत्र कुरकुर न करता ती गिळून टाकतं. इशाऱ्याचं वाक्य लपलेल्या फोल्डरच्या नावाने सुरू होत होतं, आणि ते नाव टिंबाने. पूर्वी ते वाक्य ओळीच्या मध्यावर होतं, म्हणून टिकलं. चार वर्षांपूर्वी कुणीतरी ते नव्या ओळीवर आणलं होतं.

बदलांची नोंद तिने उघडली, खरं तर न उघडताही चाललं असतं. नाव तिचंच. शेजारी तिचाच शेरा: 'फक्त मांडणी. मजकुरात बदल नाही.'

प्रमुखाने सगळं ऐकून घेतलं. दार लोटून तो परत आला.

"मॅडम, स्पष्ट बोलू? ही पानं आपोआप लावणारा प्रोग्राम घ्यायचा, हे वर कधीपासून चाललंय. मीच थोपवून धरलंय. म्हणायचो, माणसाची नजर ती माणसाची नजर. तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. आता मी काय सांगू त्यांना?"

"आणि त्याला काय सांगायचं?"

"इशारा फाइलीत आहे. खोटं नाही ते."

"तो फाइल वाचत नाही. पान वाचतो."

प्रमुखाने कपाळ चोळलं. "कळलं, ओळंबा," तो थकून म्हणाला. "पाठवा काय पाठवायचं ते."

तिने लिहिलं: 'इशारा होता. मी ओळी नीट लावताना तो दिसेनासा झाला. आपलं लक्ष होतं. चूक माझी आहे, आणि आवाज परत आणणं माझ्या हातात नाही, याचं वाईट वाटतं.' मग टिंबाआधी न दिसणारी खूण घालून ओळ पुन्हा पडद्यावर आणली. अशाच आणखी ओळी यंत्राकडून शोधून घेतल्या. दहा मिनिटांत आठ सापडल्या. आठही तिच्या हातच्या. त्या न वाचता कोणाचं काय गेलं असेल, हे कळायला मार्ग नव्हता.

शुक्रवारी वरचा निर्णय आला. पुढच्या महिन्यापासून पानं प्रोग्रामकडे. तोवर तिने सगळी तपासून सोपवावीत. ग्रंथपालाचं उत्तरही आलं, एका वाक्याचं: 'माझंच काही चुकलं असं वाटून झोप येत नव्हती, कळवलंत ते बरं केलंत.'

रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन बसली. ताईने चहा आणून ठेवला.

"आज सुट्टी ना गं?"

"तेराशे पानं आहेत, ताई."

"यंत्राने शोधलं म्हणालीस ना?"

"विचारलं तेवढंच शोधतं ते. मला अजून काय विचारायचं राहिलंय, तेच ठाऊक नाही."

 ताईने कपाटातून स्वतःचा चष्मा काढला. "आम्ही औषधं अशीच ताडून बघायचो. एकीने वाचायचं, दुसरीने बाटली बघायची. ती मूळ फाइल का काय, ती मला दे."

ताईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. खणखणीत आवाजात ती वाचत होती, खुणांसकट, टिंबांसकट, आणि धाकटी पडद्यावर बोट ठेवून पुढे सरकत होती. "आहे." "आहे." चहा निवला. दुपारी ताईचा घसा बसला, तेव्हा एकविसावं पान चालू होतं.

ताईने एक वाक्य वाचलं आणि ती थांबली. पलीकडून 'आहे' आलं नव्हतं.

"काय गं?"

"पुन्हा वाच," धाकटी म्हणाली. "सावकाश."