कुंकू लागलेली उल्का

धुळ्याहून जळगावला निघालेल्या एसटीत माझ्या शेजारच्या गृहस्थांनी चष्म्याच्या डबीतून बिस्किटाएवढी एक दगडी चकती काढली. राखाडी अंग, त्यावर आरशासारखी झिलई आणि आत लोखंडाचे चमचमते ठिपके.

"उल्का आहे. लघुग्रहाचा तुकडा," ते लाजत म्हणाले, जणू होणाऱ्या सुनेचा फोटो दाखवत होते. अशा चकत्या जमवायचा त्यांना नाद. जळगावच्या एका छांदिष्टाला ही देऊन ते आणखी दुर्मीळ चकती घेणार होते. तरी दर थांब्याला डबी उघडून हिलाच उन्हात धरून बघत होते.

आभाळातून पडलेला दगड बघा, अशी मी अर्थातच बसभर दवंडी पिटली. मागच्या सीटवरची आजी पुढे वाकली. "आभायमाईन पडना हाऊ? मंग देवच शे, भाऊ!" आणि प्रसादाच्या पुडीतलं कुंकू तिने चकतीला लावलंसुद्धा!

मी घाईघाईने रुमाल पुढे केला. गृहस्थांनी असं पाहिलं, की तो मुकाट्याने परत खिशात गेला.

"पूजलेली वस्तू आता परक्याला कशी द्यायची हो?" ते म्हणाले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

पारोळ्याला ते उतरले आणि रस्ता ओलांडून धुळ्याच्या बसची वाट पाहत उभे राहिले.