मामांनी राखलेलं घर

माणसापेक्षा जुन्या घराचा स्वभाव जास्त जपावा लागतो, असं मानणारा माणूस सबंध पालघर तालुक्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा खाडीपलीकडच्या मुरबे गावचे. जन्मभर होड्या बांधल्या. सातपाटीचं आमचं कौलारू घर दुरुस्तीला काढलं तेव्हा हे गृहस्थ कुणी न बोलावता हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाले. मला खरं तर स्लॅब हवा होता. "टाका स्लॅब जावयबापू, पन मंग ह्याला घर म्हनू नका," ते म्हणाले. बायको हसली आणि माझा स्लॅब तिथेच कोसळला.

मामा खांबाला कान लावून बोटांनी ठोकत बसत, आणि तेवढा वेळ अंगणात बोंबील वाळवणाऱ्या बायकांनीही गप्प राहावं अशी त्यांची अपेक्षा असे. कौलं उतरवताना प्रत्येकावर त्यांनी खडूने आकडा घातला, कारण "जे जिथं बसलंय तिथंच त्याला झोप लागते." कुजकी फळी बदलली की वाटेने जाणाऱ्याला आत ओढायचे, "नवी कंची, वळखा." एकदा पोस्टमनने बरोबर ओळखली. मामांनी त्याला चहा पाजला, आणि तो गेल्यावर फळी उपसून पुन्हा घासायला घेतली.

घर उभं राहिलं ते पूर्वीसारखंच, फक्त गळत नव्हतं. मग एका रविवारी बोईसरहून माझे कारखान्यातले साहेब बघायला आले. बायको आत मासे तळत होती. मामा फाटक्या बनियनवर, दाराला तेल चोळत बसलेले.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"सुतार. रोजावर आहे," मी म्हणालो.

"जुनं सगळं राखायची कल्पना झकास आहे. कोणाची?"

"माझीच."

मामांचा हात दारावर थांबला. मग माझ्याकडे बोट करून ते म्हणाले, "ह्या सायबांनी सांगितलं तसं करतो. माजं काय!" आणि साहेबांच्या पँटला तेल लागू नये म्हणून त्यांनी डबा बाजूला सरकवला.

पानं वाढल्यावर "पोट बरं नाय" असं भाचीला सांगून ते न जेवताच गेले. दुसऱ्या दिवशी आले, दार पुरं केलं, कुठे तसूभर कसर ठेवली नाही. माझ्याशी मात्र ते विचारल्याशिवाय बोलले नाहीत.

महिन्याभराने मी माफी मागायला मुरब्याला गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "पच्छिमेची खिडकी पावसात लावता ना?"

"लावतो."

"बरं करता."

चहा झाला. मी उठलो. माफी राहिली ती राहिलीच.

मामा आता लेकीकडे असतात. नजर अधू झाली आहे. त्या दिवशी मामांचं पोट बिघडलं होतं, असं माझी बायको अजूनही समजते. हे छापून आलं की सगळ्यात आधी तीच वाचेल. वाचू दे. मग आम्ही दोघं मामांकडे जाऊ, आणि या खेपेला आधी मी बोलेन.