ऐंशी रत्तलांचा ताप

निपाणीत आमचे वडील शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. घरातली आमटीसुद्धा त्यांच्या लेखी प्रयोगच होती. धाकट्या बहिणीला विषमज्वर झाल्याची तार आली, तेव्हा मी बेळगावात कॉलेजात होतो. तिथल्या लष्करी कॅम्पातला बर्फ भुशात गुंडाळून घेऊन घरी पोचलो, तर डॉक्टर हॅट सांभाळत निघाले होते. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांगून त्यांनी उरलेली काळजी इंग्रजीत व्यक्त केली.

पाणी किती, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. वडिलांना तेवढी फट पुरली. रत्तलभर, म्हणजे पौंडभर, पाणी एक अंश तापायला उष्णतेचं एक माप लागतं, आणि माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. ताप एकशेचार होता, तो शंभरावर आणायचा. राहिलं फक्त वजन.

"समोरच्या वखारीतला तंबाखूचा काटा आणा," वडील म्हणाले.

आत्या दारात आडवी उभी राहिली. "अण्णा, खुळा झालास काय रं? बरी झाली की गुळानं तोलू म्हणून देवीला बोललोय. त्याच्या आधी काट्यात घातलीस तर दुसराच कोणतरी तोलून न्हेईल तिला."

"मग उत्तर कसं काढू?"

"उत्तर काय चाटायचंय? पोरगी बघ की!"

देवाधर्माचं वडिलांना वावडं होतं, पण काटा आला नाही. गेल्या दिवाळीत वखारीत हौसेनं केलेलं वजन त्यांनी धरलं आणि पाटीवर मांडलं : ऐंशी रत्तल. चार अंशांना तीनशेवीस मापं. बर्फ घालून साठ अंशांवर आणलेलं पाणी शंभरापर्यंत तापेल, म्हणजे आठ रत्तल पुरे. दिवाळीच्या बांगड्या आता तिच्या कोपरापर्यंत सरकत होत्या. त्या गणितात आल्या नाहीत.

आम्ही त्या पाण्यात भिजवलेल्या चादरी तिच्या अंगावर बदलत गेलो. पारा शंभरावर आला तेव्हा वडील कितीतरी दिवसांनी हसले. पण पाणी अजून निम्मं उरलं होतं. त्यांनी चादरी काढायला लावल्या. पारा तरीही उतरतच राहिला. अठ्ठ्याण्णव. पंच्याण्णव. कपाळावर घाम फुटला आणि तिनं हाकेला ओ देणं सोडलं.

वडिलांनी पुन्हा पाटी ओढली. समीकरण तेच होतं, आता उष्णता द्यायची होती. कढत पाण्याच्या बाटल्या किती लागतील, ते काढू लागले.

"किती धरू वजन?" त्यांनी आत्याला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

आत्या बहिणीचे तळपाय चोळत राहिली. आम्ही बाटल्या भरभरून लावल्या. पाणी निवत गेलं, पण पाय काही तापले नाहीत.